ईस्टरला दिलेली साक्ष

कोरेगाव
२८ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

सलाम. तुला फोन करायचा म्हणजे दोघींनी आळीपाळीनं ‘हॅलो’ म्हणत बसायचं, म्हणून आपलं पत्रच बरं. कानाचं मशीन तू पुन्हा डब्यात घालून ठेवलंयस, हे ऋषिराज इस्लामपूरला येऊन गेले तेव्हाच मला कळलं.

एक आनंदाची गोष्ट सांगायची आहे. ईस्टरच्या उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? आणि मी उठले. मी! माहेरी देवळात प्रार्थना म्हणायची वेळ आली की बाकाखाली चप्पल शोधणारी. मी सगळ्यांसमोर सांगितलं की माझा राग प्रभूनं काढून घेतला. महिनाभर घरात माझा आवाज चढलेला नाही. ऋषिराजना नाही, पोरीला नाही, गिऱ्हाइकांनाही नाही. लगीनसराईच्या ऐन गर्दीत शिलाई मशीनवर बसून मी गीतं गुणगुणते, आत्या. मंडळी मोठ्यानं ‘आमेन’ म्हणाली. पाळकीणबाईंनी तर जवळ घेतलं आणि पुढच्या महिन्यापासून संडेस्कूल माझ्याकडं दिलं.

इतकी वर्षं वाट पाहिली. आता वाटतं, देवानं शेवटी माझ्याकडं बघितलं.

सासूबाई वन्संकडं कऱ्हाडला गेल्या आहेत, गुडघ्याचे उपचार चाललेत. महिना होऊन गेला. या आठवड्यात परत येतील.

तुझी
संयोगिता


इस्लामपूर
९ मे २०२५

चि. संयोगिता,

तुला आणि तुझ्या घराला आत्याचा सलाम. तुझं पत्र मी महिला मंडळात वाचून दाखवलं. फार मोठ्यानं वाचलं असं सगळ्या म्हणाल्या. बहिऱ्या माणसाला हळू वाचता येत नाही, त्याला मी काय करू? धोंडुबाई रडली. ती कशालाही रडते, पण या वेळी खरंच रडली.

आपल्या घराण्यात राग दागिन्यासारखा वाटून देतात बघ. माझ्या वाट्याला दोन पाटल्या आल्या, तुझ्या बापानं तुला सगळी पेटीच दिली. तो माझा भाऊ असून सांगते, जेवताना त्याच्या ताटाकडं बघायची आमची छाती नव्हती. आणि त्याची लेक आज गीतं गुणगुणते! म्हणून मंडळानं ठरवलंय, आणि मी हो म्हणून टाकलंय, की आमच्या कापणीच्या सणाला यंदा साक्ष द्यायला तू यायचं. सोळा नोव्हेंबरचा रविवार. उपासनेनंतर लोकांनी देवाला आणलेल्या धान्या-कोंबड्यांचा नेहमीसारखा लिलाव आहे. मी माझ्या रानातला ऊस आणणार आहे.

उसाचं म्हणशील तर शेजारचा भाऊसो रोज बांधावर उभा राहून आपला ऊस माझ्या उसापेक्षा दोन कांड्या वर आहे असं सांगतो. गेल्या ऑगस्टला दोघांनी बरोबरच लागण केली होती. मी आता युरियाची जादा पोती टाकलीत. त्याला सांगू नकोस, आणि देवाला सांगायची गरज नाही.

आत्या


कोरेगाव
१७ जून २०२५

प्रिय आत्या,

सलाम. उत्तराला उशीर झाला. काम फार आहे.

नोव्हेंबरात यायला जमेलसं वाटत नाही. तुळशीचं लग्न झालं की पुन्हा लगीनसराई, ब्लाउजांचा ढीग पडेल. दुसऱ्या कुणाला तरी सांगा. तुमच्या मंडळात इतक्या अनुभवी बायका आहेत.

आणि आत्या, माझी पत्रं कृपा करून वाचून दाखवत जाऊ नकोस.

सासूबाई बऱ्या आहेत. पोरीची शाळा सुरू झाली. बाकी काही विशेष नाही.

संयोगिता


इस्लामपूर
१ जुलै २०२५

चि. संयोगिता,

सलाम. नोव्हेंबरातल्या ब्लाउजांचा ढीग तुला जूनमध्येच दिसतो म्हणजे नजर चांगलीच लांबची झाली म्हणायची.

मागच्या पत्रात चार पानं, या पत्रात दहा ओळी. काय झालंय? ऋषिराज प्यायला लागला का? लागला असेल तर सांग, मी येते. माणूस चांगला आहे, पण चांगली माणसं बिघडताना आधी कळत नाही. इथं आला तेव्हा मला त्याचे डोळे जरा लाल वाटले होते. मी कुणाला बोलले नाही, फक्त धोंडुबाईला म्हटलं.

मी बहिरी आहे, आंधळी नाही. तुझ्या सहीत नेहमीचं ‘तुझी’ नव्हतं. नीट लिही. हे पत्र मी मंडळात नेणार नाही, ही माझी जबान.

ऊस असा वाढलाय की भाऊसो हल्ली बांधावर येईनासा झालाय.

आत्या


कोरेगाव
१४ जुलै २०२५

प्रिय आत्या,

ऋषिराज पीत नाहीत गं. त्यांचे डोळे एसटीच्या खिडकीतल्या वाऱ्यानं लाल झाले असतील. धोंडुबाईंना तेवढं सांग. बिघडलेली मी आहे.

सासूबाई कऱ्हाडहून आल्या आणि आठ-पंधरा दिवसांतच माझी साक्ष मोडली. माझ्या सासूला, रंगुबाईंना, तू ओळखतेस, रिकामं बसणं त्यांना पाप वाटतं. डोळ्यांना कमी दिसतं तरी ब्लाउजला हुकं लावायचं काम मागून घेतात. शिवांजली म्हणून माझं एक गिऱ्हाईक आहे, बागायतदाराची मुलगी. भावाच्या हळदीसाठी तिचा पैठणीचा ब्लाउज होता. ती न्यायला आली, मी घडी उलगडली तर सगळी हुकं बाहेरच्या अंगाला लावलेली. आत्या, मी तो ब्लाउज सासूबाईंच्या मांडीवर फेकला. हुकांची डबी लाथाडली गेली. आणि म्हणाले, “साधं एक काम जमत न्हाई तर हात कशाला लावता? देव तरी तुमाला कवा उचलणार हाय!”

हे मी म्हणाले. भिंतीवर बायबलच्या वचनाचं कॅलेंडर, त्याच्याखाली मी उभी. शिवांजली त्या कॅलेंडरकडं बघत राहिली. तिला ठाऊक आहे आम्ही ख्रिस्ती आहोत. सासूबाईंनी टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक घेतलं, फरशीवरची हुकं वेचून डबीत भरली आणि आत जाऊन तांदूळ धुतले.

आता तुला दुसरी गोष्ट सांगते, जी त्याहून लाजिरवाणी आहे. त्या रात्री माझ्या लक्षात आलं की महिनाभर माझा राग कुठं गेला होता. तो कऱ्हाडला गेला होता! सासूबाई घरात नव्हत्या म्हणून मी शांत होते. आणि मी देवळात उभी राहून त्याचं श्रेय देवाला दिलं, म्हणजे खरं तर स्वतःला दिलं.

असं मन घेऊन प्रभुभोजन घ्यायचं धाडस होत नाही, म्हणून काय करते ऐक. आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं, सगळे कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकतात आणि भाकर-द्राक्षारस घेतात. कोण उठलं नाही ते साऱ्या देवळाला दिसतं. म्हणून मी भोजनाच्या आधीच संडेस्कूलची पोरं घेऊन मागच्या खोलीत जाते. जून गेला, जुलै गेला. लोकांना वाटतं, बाई किती सेवा करते, भोजनसुद्धा सोडते पोरांसाठी. पाळकसाहेबांनी परवा माझं कौतुक केलं. मी मान खाली घातली, तर ते म्हणाले, किती नम्र!

माझं दृढीकरण होऊन पहिल्यांदा भोजन घेतलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आता चाळिशीला आले. इतक्या वर्षांची प्रार्थना, उपास, कन्व्हेन्शनं, आणि आत बघितलं तर तीच माझ्या बापाची लेक. पेरलेली कोथिंबीरसुद्धा आठवड्यात दिसायला लागते. देवाला माझा कंटाळा आला असेल का गं? मला आला आहे.

मला तुमच्या सणाला बोलावू नकोस. माझ्या तोंडाला जरा तरी लाज आहे.

तुझी
संयोगिता


इस्लामपूर
२९ जुलै २०२५

चि. संयोगिता,

ऊस झोपला. गेल्या बुधवारी रात्रभर पाऊस आणि वारा, सकाळी बघते तर माझं अख्खं रान आडवं. भाऊसोचा ऊस उभा. तो बांधावर आला, हसला नाही, त्याबद्दल देव त्याचं भलं करो. एवढंच म्हणाला, “आज्जे, उसाला घाई नव्हती, तुलाच हुती. युरियानं नुसता उंच झाला, बुडाला जोर न्हाई आला.” म्हणजे त्याला पोती माहीत होती. गावात काही लपत नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला तुझा इतका राग आला की दोन दिवस मी त्याला हात लावला नाही. म्हाताऱ्या बाईचं मरण मागितलंस, तेही देवाचं नाव घेऊन, तेही परक्या पोरीदेखत. हे मी गोड करून सांगणार नाही. वाईट केलंस.

मग पुन्हा वाचलं. तीनदा वाचलं, एक गोष्ट शोधत होते. देवापुढं रडलीस, माझ्यापुढं रडलीस, पाळकांपासून पळालीस. आणि जिला बोललीस तिला? तिच्याशी तू एक शब्द बोलल्याचं पत्रात कुठं नाही. तिची माफी मागितलीस का गं बाई? का ते सोडून बाकी सगळं केलंस?

साक्षीचं म्हणशील तर त्यात माझाही हात आहे. तू कोवळा कोंब दाखवलास आणि मी तो मंडळात नाचवत फिरले. तिथंही मी युरियाच टाकला. मलाही लाज वाटते.

देवाला कंटाळा आलाय का, हे मला ठाऊक नाही, मी त्याला विचारलेलं नाही. पण माझं वय बघ, त्र्याहत्तर. अजून भाऊसोचा ऊस बघून माझ्या पोटात दुखतं. त्याला कंटाळायचंच असतं तर तुझ्याआधी माझा नंबर होता. त्याला घाई नाही एवढं खरं. मला ते आवडत नाही, पण तसं आहे खरं. आपण त्याच्या रानात उभं राहायचं, बस. रान सोडून पळालेल्याला पाणी कसं पाजणार?

मंडळात मी कुणाला काही सांगितलेलं नाही. सणाच्या यादीवरचं तुझं नावही काढलेलं नाही.

आत्या


कोरेगाव
१० सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

सलाम. तू म्हणालीस तसं केलं. म्हणजे केलं असं मला वाटत होतं. सासूबाईंना एक चांगलं नऊवारी लुगडं आणलं आणि देताना म्हणाले, “आई, त्या दिवशी कामाचा लय ताण हुता.” त्या “व्हय, व्हय” म्हणाल्या, लुगड्यावरून हात फिरवला आणि पेटीत ठेवून दिलं. मला वाटलं, मिटलं.

आता ऐक. परवा रविवारी उपासनेनंतर पाळकीणबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “तुमच्या सासूबाई जूनपासून भोजनाला येत नाहीत. पहिल्या बाकावर बसून राहतात, डोळे मिटून. घरी काही झालंय का?”

मी मागच्या खोलीत असते, मला कसं दिसणार? म्हणजे मी चार महिने लपवतेय आणि ह्या पहिल्या बाकावर बसून सगळ्या मंडळीला दाखवतायत! तोंडानं बोलत नाहीत, पण बसल्या जागेवरून सांगतायत की बघा, माझ्या घरात काय चाललंय. कुणी विचारलं की गप्प राहायचं, म्हणजे लोक काय समजायचं ते समजतात. आत्या, ही बाई साधी नाही. असं शांतपणानं कुणी कुणाला उघडं पाडताना मी बघितलेलं नाही.

तीन दिवस मी त्यांच्याशी बोललेली नाही. ओरडले मात्र नाही. ओरडायलासुद्धा तोंड उघडावं लागतं.

तुझी
संयोगिता


इस्लामपूर
२० सप्टेंबर २०२५

संयोगिता,

लुगडं देऊन माफी मागतात ती निवडणुकीला उभी राहिलेली माणसं. कामाचा ताण हुता म्हणे!

ती भोजनाला का जात नाही हे तुला माहीत नाही. पाळकीणबाईला माहीत नाही. मला तर मुळीच नाही. जिला माहीत आहे ती तुझ्याच घरात भाजी निवडत बसली असेल. तिला विचार.

मी इथं तुझ्यासाठी प्रार्थना करते. मोठ्यानं करते, आता भाऊसोच्या बायकोलाही सगळं कळलंय, तेव्हा तीही करते.

आत्या


कोरेगाव
७ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,

सलाम. विचारायला मला दोन आठवडे लागले. शनिवारी संध्याकाळी सासूबाई पडवीत मेथी निवडत होत्या. पोरगी शिकवणीला, ऋषिराज अजून कामावरून यायचे होते. मी समोर बसले, दोन काड्या मीही निवडल्या आणि विचारलं, “आई, तुमी भोजनाला का जात न्हाई?”

त्यांनी वर न बघता म्हटलं, “तू जाईनास म्हणून.”

“मी पोरांना शिकवायला जाते.”

“मला खुळी समजतीस व्हय? पोरं काय भोजनाच्या येळंलाच शिकायची असत्यात?”

मी म्हटलं, “मग माझं मी बघीन. तुमी का मागं ऱ्हाता? लोक काय म्हणत्यात म्हाईत हाय का?”

त्यांनी जुडी खाली ठेवली. म्हणाल्या, “शास्त्रात हाय न्हवं, तुझ्याइशी कुणाच्या मनात काय असंल तर आदी जाऊन मिटवून यं, मग पुढं यं. तुझ्या मनात माझ्याइशी हाय. हुकं मी उलटी लावली. गिऱ्हाइकापुढं तुझी इज्जत गेली ती माझ्यापायी. तवाधरनं तू देवाच्या पंगतीला बसंनास. सुनंला उपाशी ठिवून मी वर जाऊन कशी खाऊ? आन् तुला इचारायचं म्हटलं तर मला लाज वाटायची. तू पुन्यांदा चिडशील असं बी वाटायचं.”

आत्या, या शेवटच्या वाक्यावर मी काय लिहू? चार महिने मी मागच्या खोलीत लाजून बसले, त्या पुढच्या बाकावर लाजून बसल्या. आणि मी त्यांना काय काय म्हणत होते, ते तुला लिहिलेलं पत्र तुझ्याकडं आहे. फाडून टाक ते. नाहीतर राहू दे.

मी त्यांच्या पायाशी बसले. या वेळी सरळ म्हणाले, “आई, मी तुमचं मरण मागितलं. तुमची काय चूक न्हवती. माझी हुती. मला माफ करा.” त्या माझ्या केसांतून हात फिरवत राहिल्या. हाताला मेथीचा वास होता. मग म्हणाल्या, “मरणाचं काय घिऊन बसलीस, त्ये तू मागून येतंय व्हय? आपल्या येळंला यील.” आणि आम्ही दोघी हसलो, रडत रडत.

परवा रविवारी दोघी भोजनाला गेलो. त्यांचा गुडघा टेकत नाही, म्हणून त्या माझा दंड धरून उभ्या राहिल्या.

इथंच पत्र संपवायला मला आवडलं असतं. पण तुझ्यापुढं आता लपवायचं नाही असं ठरवलंय. त्याच दुपारी त्यांनी दूध तापत ठेवलं आणि विसरल्या. पातेलं करपलं, गॅस दुधानं भरला. मी ओरडले, “आई, तुमाला एक काम सांगावं तर—” आणि थांबले. थांबले खरी, पण निम्मं तोंडातून गेलंच. ज्या तोंडानं दोन तासांपूर्वी प्रभूची भाकर खाल्ली त्याच तोंडातून. स्वयंपाकघरात मी ओट्याला धरून उभी राहिले. काय बदललं माझ्यात? काहीच नाही. नोव्हेंबरात येऊन मी कशाची साक्ष देऊ, करपलेल्या पातेल्याची?

तुझी
संयोगिता


इस्लामपूर
१६ ऑक्टोबर २०२५

चि. संयोगिता,

ये. रंगुबाईंना घेऊन ये. पातेलं घरी ठेव.

बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसती बस. खोटं बोलायचं नाही एवढंच. खऱ्यानं देवाचं नाव खराब होत नाही, एकदा खोट्यानं करून बघितलंसच की.

माझा झोपलेला ऊस मरेल असं सगळे म्हणत होते. मेला नाही. वाकडा झाला, पण शेंडे पुन्हा वर वळलेत. सणाला मी तोच आणणार आहे. भाऊसो म्हणतो, लिलावात हा कोण घेणार? बघू.

आत्या


इस्लामपूर
१८ नोव्हेंबर २०२५

चि. संयोगिता,

सलाम. सुखरूप पोचलात ना? घर रिकामं वाटतंय. रंगुबाईंनी जाताना माझी भांडी घासून ठेवली, मला दिसू न देता.

आता एक कबूल करते, रागावू नकोस. तू बोलायला उठलीस तेव्हा कानाचं मशीन घरी डब्यातच होतं. घाईत राहिलं. मी पहिल्या रांगेत बसून तुझ्या तोंडाकडं बघत होते. तुझा चेहरा लाल झाला, तू पदराला हात लावलास, थोडंसंच बोललीस. धोंडुबाई रडली, पण त्यावरून काही कळत नाही. तू बसायला लागलीस आणि मागून रंगुबाई उठल्या. काठीवर रेलून काहीतरी म्हणाल्या, आणि अख्खी मंडळी हसली. मग एकदम गप्प झाली. पाळकांनी चष्मा काढून पुसला. मला कुणी काही सांगेना, सगळे लिलावाकडं पळाले. संध्याकाळी धोंडुबाईला विचारलं तर ती पुन्हा रडायला लागली.

आणि रंगुबाईंनी माझा वाकडा ऊस लिलावात का घेतला? तोंडात एकही दात नाही. भाऊसोनं विचारलं तर त्याला काठी दाखवली म्हणे.

सगळं लिहून कळव. शब्दन् शब्द. मंडळात वाचणार नाही.

आत्या


कोरेगाव
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

सलाम. ज्या माणसानं मला ओढून साक्षीला उभं केलं, त्यानंच ती ऐकली नाही! मशीनऐवजी मी तुलाच डब्यात घालून ठेवायला हवं होतं.

मी न बोलताच बसणार होते. पण पाळकांनी नाव घेतलं आणि शेजारून सासूबाईंनी कोपर मारलं. मी एवढंच म्हणाले: “ईस्टरला आमच्या देवळात मी साक्ष दिली होती की माझा राग गेला. तुम्हालाही ती इथं वाचून दाखवली गेली. ती खरी नव्हती. माझा राग गेलेला नाही. त्यानंतर मी माझ्या सासूचं मरण मागितलं, त्यांच्या तोंडावर. आज त्या इथं बसल्यात. मला लाज वाटते. देवानं माझ्यात काही बदललंय का, ते मला दिसत नाही. रोज बघते, दिसत नाही. तरी मी त्याला सोडून जाणार नाही, कारण जाऊ कुठं? तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा.”

‘आमेन’ कुणी म्हणालं नाही. इतकी शांतता की बाहेर कोंबड्या ऐकू येत होत्या, लिलावाच्या. मी खाली बसणार तोच सासूबाई उठल्या. त्यांनी आयुष्यात कधी देवळात तोंड उघडलेलं नाही. म्हणाल्या:

“पाळकसाहेब, पोरगी खरं बोलती. राग हाय अजून. चांगला हाय.”

इथं मंडळी हसली.

“पर आदी ती समदं बोलायची. आता निम्म्यात थांबती. तिला न्हाई दिसायचं त्ये, ती बोलणारी हाय. मला कळतंय. ऐकून घ्यायला मी असती न्हवं, रोज.”

आणि इथं सगळे गप्प झाले. मला वर बघवेना. मी इतकी वर्षं माझ्या आत डोकावून बघत होते आणि आत काही दिसत नव्हतं. माझा राग किती उरलाय ते त्या माऊलीच्या कानाला ठाऊक होतं. त्याचे घाव झेलणारीच त्याचं माप घेत होती, आणि तेही माझ्या बाजूनं.

उसाचं मीही विचारलं. म्हणाल्या, “सरळ ऊस कोण बी घेतंय.” आता मी रोज त्यांना पेरं सोलून, बारीक तुकडे करून देते. त्या चोखतात आणि चोथा माझ्या ओट्यावर ठेवतात.

परवा पुन्हा लगीनसराईचं काम सुरू झालं. त्यांनी हुकं लावायचा हट्ट धरला, मी दिली. संध्याकाळी ब्लाउज हातात घेतला तर पहिली दोन सरळ आणि बाकी सगळी बाहेरच्या अंगाला. गिऱ्हाईक सकाळी येणार. माझं डोकं तापलं. मी म्हणाले, “आई, तुमाला—”

त्यांनी सुई खाली ठेवली, मान तिरकी केली आणि कान माझ्याकडं केला. कुठं थांबते ते बघायला.

मी तिथंच थांबले.

“आज लौकर थांबलीस,” त्या म्हणाल्या आणि ब्लाउज उसवायला घेतला.

तुझी
संयोगिता